सराफ्याचं तळणाचं तेल: कॉस्टिकने बायोडिझेल करायचं की एन्झाइमने?

रात्रीचा सराफा
दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री कढया, हा आपला इंदूरचा सराफा. तळणाच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढणारे) 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यात वापरायचं नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. तरी तेच तेल स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातं, याचा मला संताप येतो. त्याचं बायोडिझेल करा, आणि लायपेज एन्झाइमने, म्हणजे तेल-चरबीवर काम करणाऱ्या जैविक उत्प्रेरकाने, करा. तळून तळून तेलात मुक्त फॅटी आम्लं वाढतात. त्यात कॉस्टिक (सोडा) घातलं की साबण होतो आणि ग्लिसरीन नीट खाली बसत नाही. लायपेज त्या आम्लांचंही बायोडिझेल करतं, तेही 35-40 अंशांवर.

तेलगिरणीवाला
दादा, वेळेचं काय? कॉस्टिकने 60 अंशांवर तास-दीड तासात घाणा उतरतो. एन्झाइमला कित्येक तास, कधी अख्खा दिवस. म्हणजे तेवढ्याच मालाला कितीतरी मोठ्या टाक्या. एन्झाइमची किंमत वेगळीच. आम्ल जास्त असेल तर आधी सल्फ्युरिक आम्लाने ते उतरवायचं, मग कॉस्टिक. ही वाट मळलेली आहे.

रसायनवाली
काका, सल्फ्युरिक म्हटलं की गंज न धरणारी भांडी आली, तेलाचं बायोडिझेल करायला लागणारं मिथेनॉल जादा आलं, शेवटी आम्ल मारणंही आलं. तो खर्च तुम्ही धरलाच नाहीत. रेझिनच्या दाण्यांवर बसवलेलं एन्झाइम गाळून पुन्हा वापरता येतं. मात्र मिथेनॉल एकदम ओतलं तर ते निकामी होतं, म्हणून तीन हप्त्यांत घालायचं. खरी डोकेदुखी ग्लिसरीनची: ते दाण्यांना चिकटून बसतं आणि दर घाण्याला वेग उतरत जातो. इथे तुमचं म्हणणं मला मान्य.

तेलगिरणीवाला
मग किती घाण्यांनी दाणे बदलायचे, यावरच सगळा हिशेब. तो मांडल्याशिवाय मी टाकी विकत घेणार नाही.

माळव्यातली
निदान ताज्या सोयाबीन तेलाला कुणी हात लावू नका. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. इंदूरजवळच्या देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, रोज 550 टनांचा बायो-सीएनजी प्लांट चालतो तो घराघरांतून ओला कचरा वेगळा निघतो म्हणून. तेलाचंही तसंच आहे, ते दुकानादुकानातून वेगळं जमा झालं तरच प्लांट चालेल.

कचोरीवाला
मी तळतो, म्हणून सांगतो. उरलेलं तेल न्यायला रात्री दोन वाजता रोख देणारा माणूस गल्लीत उभा असतो. तुमच्यापैकी कुणाची गाडी त्या वेळी येणार, आणि भाव किती देणार?