पंजा लहान आहे. इलेक्ट्रिक गिटार घेताना नेमकी कोणती मापं बघायची?

करंगळी_पोचत_नाही

डाव्या पंजाची लांबी मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंमी, वीत १७.५ सेंमी. सध्या हातात २५.५ इंच स्केलची (म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत वाजणाऱ्या तारेच्या लांबीची) स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर आहे. अडचणी दोन. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेवर पहिल्या फ्रेटला (नेकवरची धातूची आडवी पट्टी) तर्जनी ठेवली की चौथ्या फ्रेटवर करंगळी टेकत नाही. आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून वाजवायचा) स्वच्छ वाजत नाही. कोणी सांगतं बारीक नेकची (दांड्याची) आयबानेझ घ्या, कोणी सांगतं लेस पॉलचं स्केल छोटं असतं, कोणी थेट मुलांची मिनी गिटार सुचवतं. स्केल, नटची (नेकच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेली पट्टी) रुंदी, नेकची जाडी, यातल्या कशाने किती फरक पडतो?

बारावा_फ्रेट

तुमची पहिली अडचण निव्वळ स्केलची आहे आणि ती मोजता येते. पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर कुठल्याही गिटारवर स्केलच्या १५ टक्के असतं. स्ट्रॅट-टेलीवर (६४८ मिमी) ते ९७ मिमी भरतं. लेस पॉल, एसजीवर (साधारण ६२८ मिमी) ९४. फेंडर मस्टँग, जॅग्वार, ड्युओ-सॉनिक या २४ इंची, म्हणजे ६१० मिमी, गिटारींवर साडेएक्याण्णव. स्क्वायर मिनी स्ट्रॅटवर (५७८ मिमी) ८७ आणि आयबानेझ मायक्रोवर (५६४ मिमी) ८५.

म्हणजे लेस पॉलने जेमतेम ३ मिमी वाचतात, मस्टँगने जवळजवळ ६. मिनी आणि मायक्रोत वाव आणखी मोठा आहे, पण वरच्या फ्रेटवर त्याची किंमत मोजावी लागते. मायक्रोवर १५ ते १६ फ्रेटमधली जागा १३ मिमी उरते, स्ट्रॅटवर ती १५ असते. मोठ्या माणसाची बोटं तिथे एकमेकांवर चढतात.

नटच्या रुंदीवरून लोक फार वाद घालतात, तेवढं त्यात काही नाही. ४२ आणि ४३ मिमी नटमधला १ मिमी पाच फटींमध्ये वाटला जातो, म्हणजे दोन तारांमध्ये ०.२ मिमी. उलट बोटांची टोकं जाड असतील तर अरुंद नटवर शेजारची तार दबते.

गिटार विकत घेण्याआधी आहे त्या स्ट्रॅटवरच परीक्षा घ्या. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. उरलेली लांबी ६१२ मिमी होते. सूर नेहमीचा आणि ताणही २४ इंची गिटारचाच. पूर्ण सूर खाली लावून कॅपो दुसऱ्या फ्रेटवर नेला की ५७७ मिमी, म्हणजे मिनी स्ट्रॅट. करंगळी कुठे टेकते ते बघा.

तारजुळवणी

कॅपोची युक्ती बोटांची पोहोच तपासायला उत्तम आहे, बार कॉर्डसाठी मात्र ती फसवते. कॅपो लावला की नट खेळातून बाहेर जातो. एफ अचानक सोपा झाला तर श्रेय स्केलला द्यायचं की नटला, हे कळत नाही. नव्या स्वस्त गिटारींचे नट बऱ्याचदा उंच असतात आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ अवघड जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं.

तपासायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. बारीक तारांखालून तो सहज सरकला आणि वर जागा उरली, तर नट उंच आहे.

पण कानस घेऊन लगेच नटला भिडू नका, क्रम पाळा. आधी तारा सुरात. मग रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ मिमी फट हवी. ट्रस रॉड (नेकमधली बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा, पुन्हा सूर लावून पुन्हा मोजायचं. मग सॅडलची (तार बॉडीकडच्या टोकाला टेकते तो तुकडा) उंची: बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेखाली १.५, सहाव्या तारेखाली २ मिमी. नट त्यानंतर. तिथली खाच तारेच्या जाडीच्या कानशीनेच करायची असते. जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो, म्हणून हे काम कारागिराकडूनच करून घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी रिलीफ पुन्हा मोजा. लाकूड ओलावा धरतं आणि नेक हलतो.

सी_आकार

बारीक नेकचा सल्ला सरसकट देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आयबानेझचा विझार्ड ३ नेक पहिल्या फ्रेटवर १९ मिमी असतो. पोहोच थोडी वाढते हे खरं. पण तळव्याला आधार मिळत नाही, अंगठा चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो आणि अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. २०-२१ मिमीचा, गोलसर सी आकाराचा नेक बहुतेक छोट्या हातांना जास्त वेळ चालतो.

बोर्डाची (नेकवर फ्रेट बसवलेली पट्टी) गोलाईही बघा. ९.५ इंच (२४१ मिमी) त्रिज्येचा बोर्ड बार कॉर्डला सोयीचा. जुन्या पद्धतीचा ७.२५ इंची आणखी गोल, पण अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली असेल तर त्यावर तार ओढताना सूर मध्येच मरतो. आयबानेझचा ४०० मिमी बोर्ड जवळजवळ सपाट, तो सोलोसाठी चांगला.

आणि बसण्याची पद्धत सुधारली तर फुकटात पोहोच वाढते. गिटार डाव्या मांडीवर, डावा पाय छोट्या पाटावर, नेकचं टोक खांद्याच्या उंचीला. अंगठा मधल्या बोटाच्या मागे, नेकच्या पाठीच्या मध्यावर. उजव्या मांडीवर आडवी गिटार ठेवली की मनगट मुडपतं आणि करंगळी आखूड पडते.

करंगळी_पोचत_नाही

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून करंगळी टेकते. कागदही पहिल्या तीन तारांखालून सहज सरकतो. म्हणजे नट आधी करून घेते. पुढे मस्टँग घेतली तर तारा ९ च्याच (पहिली तार ०.००९ इंच जाडीची) ठेवायच्या का?

तारजुळवणी

नको, १०-४६ (पहिली तार ०.०१०, सहावी ०.०४६ इंच) लावा. ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे २४ इंचावर तो ११ टक्क्यांनी घटतो. पहिली तार ९ ची असेल तर स्ट्रॅटवर सुमारे ६ किलो ताण असतो, मस्टँगवर ५.३. इतक्या ढिल्या तारेवर बोट जरा जोरात पडलं की सूर चढतो आणि कॉर्ड बेसूर लागतो. १० ची तार मस्टँगवर साडेसहा किलोला बसते, म्हणजे तुमच्या सवयीच्या जवळ. जाड तार जुन्या खाचेत अडकली तर सूर लावताना ‘टक्’ असा आवाज येईल. तेव्हा खाच रुंद करून घ्या, खोल नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे न्या.