प्रतिसाद: ऑगस्टीन युरोपातला नव्हे

या चर्चेत एकांनी ख्रिस्ती संत ऑगस्टीनला ‘युरोपातला विचारवंत’ म्हटलंय, तेवढी एक दुरुस्ती. त्याचा जन्म 354 चा, तागास्ते गावचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला. तिथल्याच हिप्पो शहराचा बिशप म्हणून तो तिथेच राबला आणि 430 मध्ये, वँडल टोळ्यांनी शहराला वेढा घातलेला असताना, तिथेच वारला. इटलीत होता तो जेमतेम पाच वर्षं.

त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथेतली पेरूसारख्या दिसणाऱ्या नासपतींची चोरी सगळ्यांना आठवते. त्याने आणि त्याच्या सोबतच्या पोरांनी झाड झोडपलं आणि बरीचशी फळं डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, चोरीचीच मजा होती, हे तो पानंच्या पानं उगाळतो. पण मला खटकते ती दुसरीच गोष्ट. जिच्याबरोबर वर्षानुवर्षं संसार केला, जिच्यापासून अदेओदातुस हा मुलगा झाला, तिला तोलामोलाच्या लग्नासाठी आफ्रिकेला परत पाठवलं. मुलगा याच्याकडेच राहिला. काळीज रक्तबंबाळ झालं असं लिहितो खरा, पण एवढ्या मोठ्या ग्रंथात तिचं नाव एकदाही येत नाही! नासपतींना जेवढी जागा, तेवढीही तिला नाही.

410 मध्ये रोम लुटलं गेल्यावर त्याने 22 भागांचं ‘सिटी ऑफ गॉड’ हे पुस्तक लिहायला घेतलं.

जुन्या गोव्यात जांभ्या दगडाचा तो अर्धा उभा मनोरा पाहिलाय ना? तो याच्याच नावाने चालणाऱ्या ऑगस्टीनियन संघाच्या चर्चचा.