मॅग्ना कार्टा सरदारांचा होता. मग स्वातंत्र्य सर्वांचे कसे झाले?

प्रश्न – विधी शाखेचा विद्यार्थी, सोलापूर
इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याचे सरदार यांच्यात ठरलेली इ. स. १२१५ ची मॅग्ना कार्टा ही सनद व्यक्तिस्वातंत्र्याचा पाया असल्याचे आम्हांला शिकवले जाते. मूळ कलमे वाचू लागलो, तर तेथे थेम्स नदीतील मासेमारीचे बांध, सरदारांच्या वारसांनी भरावयाचा नजराणा आणि विधवांचा वाटा असेच विषय अधिक आढळले. शिवाय पोपने ती काही आठवड्यांतच रद्द ठरवली. मग या सौद्यातून सामान्य माणसाचे हक्क कोणत्या वाटेने आले?

उत्तर – जुना वकील
शंका रास्त आहे. एकोणचाळिसाव्या कलमात, बरोबरीच्या लोकांचा निवाडा किंवा देशाचा कायदा यांवाचून कोणाही ‘स्वतंत्र माणसाला’ कैद करू नये, असे म्हटले आहे. जमिनीला बांधलेला भूदास त्या शब्दांत बसत नव्हता. मात्र सनद १२२५ मध्ये पुन्हा जारी झाली आणि १३५४ च्या कायद्याने तेच संरक्षण ‘कोणत्याही दर्जाच्या’ माणसाला लागू केले. माझ्या मते खरे वळण हे आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तेथेच घाई करतात.

पुढे इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने सक्तीचे कर्ज नाकारणाऱ्यांना केवळ राजाज्ञेवरून तुरुंगात टाकले आणि १६२७ मध्ये न्यायाधीशांनी त्यांपैकी पाच जणांना जामीन दिला नाही. तेव्हा पुढच्याच वर्षी संसदेने हक्कांच्या अर्जात याच जुन्या सनदेचा आधार घेतला. ज्याला आपण देहोपस्थितीचा आदेश (हेबियस कॉर्पस), म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम म्हणतो, त्याची कार्यपद्धती १६७९ च्या कायद्याने पक्की केली.

उत्तर – भुईकोट वाचक
अमेरिकेतील इंग्रज वसाहतींचा धागा येथे जोडतो. व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेत, तेथे जन्मणाऱ्यांनाही इंग्लंडमध्ये जन्मल्याप्रमाणेच सर्व स्वातंत्र्ये राहतील, असे वचन होते. मॅसॅच्युसेट्सने १६४१ मध्ये आपले हक्क स्वतःच लिहून काढले. अर्थात त्याच संहितेत युद्धकैद्यांच्या गुलामगिरीला वाव होता, हे विसरू नये.

उत्तर – मंगळवार पेठ
व्हर्जिनियाला दिलेले ते वचन आपल्यापर्यंत कधी आले नाही. मे १९३० मध्ये याच सोलापुरात लष्करी कायदा पुकारून साध्या नागरिकांना लष्करी न्यायाधिकरणापुढे उभे करण्यात आले. चार हुतात्म्यांचा खटला नेहमीच्या न्यायालयांत चालला खरा, पण १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झालीच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. १३५४ चा उल्लेख आमच्या टिपणांत कोठेच नव्हता. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हटले आहे, त्याकडे आता त्या कायद्याच्या शेजारी ठेवून पाहतो.