राजारामपुरी, कोल्हापूर : कोपऱ्याचा प्लॉट, खाली दुकानं, वर फ्लॅट. कोपऱ्यात कॉलम न देता जमेल का?

प्रश्न : दोन बाजूंनी रस्ता. तळमजल्यावर दुकानं, वर राहायचे तीन मजले. मालकांना नेमक्या कोपऱ्यात कॉलम नकोय. स्लॅब दोन्हीकडं दीड मीटर बाहेर काढला तर?

उत्तर १ : काढा, पण त्या बाहेरच्या भागावर वरच्या मजल्याचा कॉलम अजिबात उभा करू नका. प्रत्येक कॉलम पायापर्यंत सरळ उतरला पाहिजे. खरा धोका वेगळाच आहे. पुढं दोन्हीकडं शटर, मागं दोन्हीकडं सलग वीटकाम, म्हणजे सगळा ताठपणा मागच्या कोपऱ्यात. भूकंपात इमारत पिळली जाते आणि पुढचे कॉलम आधी जातात. आयएस १८९३:२०१६ या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणं कोल्हापूर झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं. रस्त्याकडच्या दोन्ही कडांना, रस्त्याला समांतर, एकेक आरसीसी शिअर वॉल (भूकंपाचा आडवा धक्का घेणारी भिंत) द्या, दोन शटरांच्या मधे ती खपून जाते. दुकानांना लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन) ४ किलोन्यूटन प्रति चौ.मी. धरा, घरांना २.

उत्तर २ : साइटवर घात होतो तो बाहेर काढलेल्या स्लॅबच्या वरच्या सळीचा. काँक्रीट टाकताना गडी तिच्यावरून चालतात, सळी खाली दबते आणि छज्जा मुळाशी तडकतो. चेअर (सळी वर धरून ठेवणारे आधार) भरपूर लावा, ओतताना माणूस उभा ठेवा. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. बीमच्या जोडाजवळ दोन रिंगांमधलं अंतर १०० मिमीच्या वर नको.

उत्तर ३ : कॉलम आखण्याआधी महापालिकेकडून रस्त्याच्या वळणासाठी प्लॉटच्या कोपऱ्याची गोलाई किती सोडायची ते बघून घ्या, नाहीतर सगळं परत आखावं लागेल. आणि साहेब, संडास-बाथरूम दुकानांच्या डोक्यावर नको, जिन्यालगत घ्या.