रिव्हर्स मॉर्गेजच्या आधी सक्तीचं काउन्सेलिंग: पावणेदोनशे डॉलर कुणी भरायचे?

एडिसनची भाची

आधी अमेरिकेबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात. इथे वय ६२ झालं की राहत्या घरावर रिव्हर्स मॉर्गेज काढता येतं. हप्ता नाही, उलट बँकच पैसे देते. व्याज मुद्दलात साठत जातं आणि माणूस गेला किंवा घर सोडलं की हिशेब होतो. यातलं सरकारी विमा असलेलं कर्ज म्हणजे हेकम. ते काढण्याआधी सरकारच्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, मान्यता दिलेल्या काउन्सेलरशी बोलून सर्टिफिकेट घ्यावंच लागतं. ते हातात येईपर्यंत कर्ज देणारी संस्था, म्हणजे लेंडर, घराची किंमत ठरवणारं अप्रेझलही मागवू शकत नाही.

माझी मावशी ७४ वर्षांची आहे, काका गेल्यापासून एकटीच असते. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स काय आहे ते इथल्यांना सांगायला नको. तिने मागच्या महिन्यात हे काउन्सेलिंग केलं. फोनवर, १७५ डॉलर. आधी कार्डाचा नंबर घेतला, मग बोलणं सुरू. समोरची बाई कागद वाचावा तशी भराभर बोलत होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, समजलं का? आमची मावशी प्रत्येक वेळी "येस, येस". फोन ठेवल्यावर मला म्हणते, "चांगली होती गं बिचारी, पण काय म्हणाली ते तू जरा वाचून सांग."

माझं म्हणणं सरळ आहे. सक्ती सरकारची, तर पैसेही सरकारने भरावेत. हातात पैसे नाहीत म्हणून जो घरावर कर्ज काढायला निघालाय, त्याच्याकडूनच दारात फी घ्यायची हा कुठला न्याय?

हिशेबी

ताई, भावना पोचल्या, पण आकडे बघा. पाच लाखांचं घर धरू. सरकारी विम्याचा सुरुवातीचा हप्ता २ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर. तोही कर्जाच्या रकमेवर नाही, घराच्या किमतीवर. तुम्ही दोन लाखच उचलले तरी दहा हजार गेलेच. लेंडरची ओरिजिनेशन फी, म्हणजे कर्ज काढून देण्याची फी, घराच्या किमतीतल्या पहिल्या दोन लाखांवर २ टक्के आणि पुढच्या रकमेवर १ टक्का, कमाल ६,०००. इथे सात हजार होतात, म्हणजे सहा लागणार. शिवाय अप्रेझल, टायटल (मालकी हक्काची तपासणी) वगैरे वेगळं. वर दरवर्षी शिल्लक कर्जावर अर्धा टक्का विमा आहेच.

सोळा हजार निमूटपणे देणार आणि १७५ वर धागा काढणार? या अख्ख्या व्यवहारात तुमच्या बाजूने बोलणारा, म्हणजे निदान समोरच्याच्या खिशातून पगार न घेणारा, एकच माणूस असतो. त्याचीच फी जड होते?

ओहायोवाला

हिशेबी, पाच लाखांचं घर तुमच्याकडे. आमच्या गावात दीड लाखाचं घर म्हणजे बरं घर. तिथे विमा ३,०००, ओरिजिनेशन ३,०००. काउन्सेलिंगची फी मात्र तीच. हे दोन मोठे खर्च घराच्या किमतीप्रमाणे कमी-जास्त होतात, ही फी मात्र घराची किंमत बघत नाही. आणि क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे कर्जाचा व्यवहार पूर्ण होताना, ती कर्जातून वळती केलीत तर तिच्यावरही व्याज चढतं. साडेसात टक्क्यांनी दहा वर्षांत १७५ चे साडेतीनशेच्या वर होतात.

पण खरा मुद्दा कुणी काढलाच नाही. समजा काउन्सेलरचं ऐकून माणूस म्हणाला, नको रे बाबा हे कर्ज. म्हणजे काउन्सेलिंगचा पुरेपूर उपयोग झाला. मग त्याला कर्ज नाही, क्लोजिंग नाही, वळती करायला काही नाही. १७५ खिशातून! ज्याने कर्ज काढलं त्याला ती फी जाणवतही नाही. शहाणपणाने मागे फिरला त्याला मात्र रोख भुर्दंड.

हिशेबी

डॉक्टरने ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं तर तपासणीची फी परत मागता का?

ओहायोवाला

ऑपरेशनच्या आधी अमुकच डॉक्टरला दाखवा असा कायदा केलात, तर हो, मागेन.

पूर्वी_काउन्सेलर

मी काही वर्षं एका ना-नफा संस्थेत हेच काम केलंय, म्हणून लिहिते. दोन्हीकडचं थोडं बरोबर आहे.

फी परवडत नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही, हा हडचा नियम आहे. फी किती आहे तेही आधी सांगावं लागतं. अडचण अशी की आपली माणसं मागतच नाहीत. "फी माफ होईल का" हे विचारायला मराठी बाईला जितकं जड जातं तितकं १७५ डॉलर भरायला जात नाही.

लेंडरने फी का भरायची नाही, असं लोक नेहमी विचारतात. २००८ च्या कायद्याने ते बंद केलं. काउन्सेलरचा कर्ज विकणाऱ्याशी पैशाचा संबंध नसावा, म्हणून. त्याआधी लेंडर ठराविक संस्थांना पैसे पुरवायचे आणि गिऱ्हाईक तिकडेच पाठवायचे. ओरिजिनेशन फीला सहा हजारांची मर्यादा आली तीही त्याच कायद्याने.

सरकार आम्हाला अनुदान द्यायचंच की. २०११ च्या अर्थसंकल्पात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, हाउसिंग काउन्सेलिंगचे जवळपास ८८ दशलक्ष डॉलर एका फटक्यात शून्यावर आणले. पुढच्या वर्षी निम्मेच परत मिळाले. तेव्हा कित्येक संस्थांनी माणसं कमी केली आणि जे फी घेत नव्हते तेही घ्यायला लागले. त्यामुळे "सरकारने भरावं" हे म्हणायला सोपं आहे, पण दर वर्षीच्या बजेटवर या सेवेची मान ठेवायची का, हाही प्रश्न आहे.

मावशींबद्दल: काउन्सेलरने नुसतं वाचून दाखवायचं नसतं. शेवटी दहा प्रश्न विचारायचे असतात आणि त्यातले किमान पाच बरोबर यावे लागतात. "येस, येस" हे उत्तर होत नाही. मला फोनवर कितीदा तरी मागून कुजबुज ऐकू यायची, मुलगा शेजारी बसून उत्तरं पुरवतोय. मी तिथेच थांबायचे आणि म्हणायचे, दादा, तुम्ही जरा दुसऱ्या खोलीत जाता का? काही जण फोन आपटायचे. त्यांना घाई कशाची असायची ते सांगायला नको.

एडिसनची भाची

पूर्वी_काउन्सेलर ताई, तुमच्यासारखी बाई मिळाली असती तर मी हा धागा काढलाच नसता. पण तुमच्याच बोलण्यातून एक शंका येते. लेंडरने पैसे द्यायचे नाहीत, कारण हितसंबंध येतात. मान्य. मग फी क्लोजिंगला घ्यायची मुभा का? कर्ज झालं तरच संस्थेला पैसे मिळणार, नाही झालं तर बहुधा बुडाले. म्हणजे काउन्सेलरलाही कर्ज व्हावंसं वाटणारच. पुढच्या दाराने लेंडरला बाहेर काढलं आणि मागच्या दाराने आत घेतलं, असंच झालं ना हे?

पूर्वी_काउन्सेलर

मी पगारावर होते, माझ्या पगाराचा कुणाच्या कर्जाशी संबंध नव्हता. पण संस्थेच्या हिशेबात ते येतं, हे नाकारत नाही. म्हणून आमच्याकडे जमेल त्याच्याकडून फी आधी घ्यायचे. तुम्ही धाग्याच्या सुरुवातीलाच ज्यावर चिडलात तेच, कार्डाचा नंबर आधी. आता दोन्हींतलं काय हवं ते ठरवा.

बे एरिया आजोबा

या धाग्यावर प्रत्यक्ष कर्ज काढलेला मी एकटाच दिसतो. तेव्हा मी ६९, सौ. ६०. आमच्या काळी नऊ वर्षांचं अंतर म्हणजे काही विशेष नव्हतं. लोन ऑफिसर फार गोड माणूस, घरी आला, चहा घेतला, म्हणाला, "काका, काकूंना आयुष्यभर घरात राहता येईल." ते खोटं नव्हतं. २०१४ नंतर कर्जात नाव नसलेल्या पत्नीला, अटी पाळल्या तर, नवऱ्यामागे त्या घरात राहता येतं. त्याआधी घराबाहेर पडायची वेळ आलेल्या बायका होत्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे नियम बदलला.

पण काउन्सेलरने विचारलं, "यांच्या मागे तुमचा खर्च कशातून चालणार?" सौ. म्हणाली, त्याच कर्जाच्या खात्यातून, लागतील तसे पैसे उचलायच्या लाइन ऑफ क्रेडिटमधून. तेव्हा कळलं की मी गेलो की त्या दिवसापासून ते खातं गोठणार. घरात राहता येईल, पण एक डॉलर उचलता येणार नाही. तिचं वय ६२ नव्हतं म्हणून तिचं नाव कर्जात घेता येत नव्हतं. गोड माणसाने हे सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. आम्ही दोन वर्षं थांबलो आणि मग दोघांच्या नावावर घेतलं.

दुसरा प्रश्न त्या बाईने विचारला: वर्षातून किती महिने भारतात असता? आम्ही फुशारकीने सांगितलं, दिवाळीला जातो ते अक्षयतृतीया करून येतो. ती म्हणाली, मोजा. हे घर तुमचं मुख्य घर राहिलं पाहिजे. वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर कर्ज परत मागू शकतात. दरवर्षी एक कागद सही करून पाठवायचा असतो, मी इथेच राहतो म्हणून. तो आला आणि तुम्ही कोथरूडला, तर काय? आता आम्ही संक्रांत झाली की परततो.

कॅलिफोर्नियात काउन्सेलिंगनंतर सात दिवस लेंडरला अर्ज पुढे नेता येत नाही. तो आठवडाही कामी आला. दोनदा काउन्सेलिंग केलं, दोनदा पैसे भरले, कारण सर्टिफिकेट १८० दिवसच चालतं. चारशेच्या आसपास गेले. एकदाही जड वाटले नाहीत.

सदाशिव पेठी

आमच्या इकडे २००७-०८ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी ही योजना आणली. वय ६०, नॅशनल हाउसिंग बँकेची मार्गदर्शक तत्त्वं, मिळणारी रक्कम करमुक्त, सगळं झालं. घेतंय कोण? मुलगा न्यू जर्सीत, वडील पेठेतल्या तीन खोल्यांत, आणि "घर बँकेला दिलं" असं चार लोक म्हणतील ही भीती. इथे काउन्सेलिंग वडिलांचं नाही, मुलांचं करायला हवं. फी मी देतो.

(अवांतर आहे, चालू द्या.)

हिशेबी

आजोबांच्या प्रतिसादावर माझा मुद्दा संपतो. सहमत.

ओहायोवाला

हिशेबी, आजोबांना काउन्सेलर चांगला मिळाला, मावशींना वाचून दाखवणारी मिळाली. फी दोघांची साधारण सारखीच. आजोबांचा अनुभव काउन्सेलिंग हवं म्हणून सांगतो, ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या खिशातून भरावं असं कुठे सांगतो? आणि आजोबा, राग मानू नका, पण चारशे डॉलर जड वाटले नाहीत हे बे एरियात घर असलेल्या माणसाने सांगायचं...

बे एरिया आजोबा

राग नाही. घर १९८३ साली घेतलं होतं. आज त्याच रस्त्यावर भाड्यानेही राहायला परवडलं नसतं आम्हाला. किंमत भिंतींत आहे, बँकेत नाही, म्हणून तर कर्ज काढलं.

नुकताच_आलो

मूळ प्रश्नावर. सरकारने भरावं म्हणजे करदात्याने भरावं. मी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, एच-वन-बीवर आहे, घर कधी होईल देवाला ठाऊक. पाच लाखांचं घर असलेल्या माणसाचं काउन्सेलिंग माझ्या टॅक्समधून कशासाठी?

एडिसनची भाची

तुमच्या टॅक्समधून नकोच. हिशेबींनी वर दाखवलेले दहा हजार सरकारच्या विमा निधीत जातात. त्यातले १७५ काउन्सेलिंगला काढा. कर्ज घेणारेच भरतील, आणि जे ऐकून मागे फिरले त्यांची फीही त्यातूनच जाईल. म्हणजे ओहायोवाल्यांची तक्रार मिटली, आणि संस्थेला कर्ज होवो न होवो तेवढेच पैसे मिळाले की माझीही शंका मिटली.

हिशेबी

कागदावर छान. पण त्याच निधीला २०१३ मध्ये सरकारी खजिन्यातून जवळपास १.७ अब्ज डॉलर घ्यावे लागले होते, आणि मुख्य कारण रिव्हर्स मॉर्गेजचं नुकसान. घरांच्या किमती पडल्या, घर विकून कर्ज फिटेना, लेंडरला विम्याने भरपाई केली. खड्डा पडला की शेवटी नुकताच_आलो यांच्याच खिशात हात जाणार.

एडिसनची भाची

तो खड्डा किमती पडल्याने आणि कर्जदारांचे प्रॉपर्टी टॅक्स आणि घराचे विमे थकल्याने पडला, काउन्सेलिंगच्या फीने नाही. उलट आजोबांसारखे चार लोक वेळीच थांबले तर निधीचंच नुकसान वाचतं. ज्याचं नुकसान वाचतं त्याने फी भरावी, इतकंच म्हणतेय.

पूर्वी_काउन्सेलर

हे मात्र मी हडच्या लोकांसमोर कुणी मांडलेलं ऐकलेलं नाही. भाची, मावशींचं सर्टिफिकेट झालं असलं तरी त्याच संस्थेला फोन करून सांगा, काही गोष्टी समजल्या नाहीत, पुन्हा बोलायचंय. पुन्हा फी मागितली तर आधी विचारा, कशाची. टॅक्स आणि घराचा विमा पुढे कोण भरणार, एवढा एक प्रश्न मावशींनाच विचारायला लावा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.

एडिसनची भाची

सोमवारी करते. दुसऱ्या खोलीत बसणं जमेलसं वाटत नाही.