गच्चीवरचं ॲक्वापोनिक्स: भाजीचा मळा की माशांची चाकरी?

गच्चीवरचा बोका

टाकीला दोन वर्षं झाली आणि ती अजून चालू आहे, तेव्हा बोलायचा थोडा हक्क मिळाला असं धरून लिहितोय. माझं मत: घरचं ॲक्वापोनिक्स म्हणजे मासे पाळणं. भाजी मिळते ती वरकड. ज्याला फक्त भाजी हवी आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाली माशांची टाकी, वर खडी भरलेला वाफा. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणाऱ्या अमोनियाचं खडीवरचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी खाली परत जातं. ऐकायला इतकं गोड आहे की मी एका रविवारच्या कार्यशाळेतून थेट टाकी बुक करूनच घरी आलो.

माझा सेटअप: ५०० लिटरची टाकी, १ चौरस मीटरचा वाफा, २५ कोई, म्हणजे शोभेचे मासे (घर शाकाहारी, त्यामुळे खायचा प्रश्नच नाही). आता हिशोब बघा. अडीच किलो मासे रोज साधारण ५० ग्रॅम खाद्य खातात आणि तेवढ्या खाद्यावर जेमतेम १ चौरस मीटर पालेभाजी पोसते. महिन्याला दीड किलो खाद्य झालं. पंप २५ वॅटचा आणि हवेचा पंप १० वॅटचा, दोन्ही चोवीस तास, म्हणजे महिन्याला २५ युनिट. एवढ्यावर मिळतं काय? आठवड्याला पालकाच्या दोन जुड्या आणि पुदिना. पुदिना मात्र इतका, की शेजारी आम्हाला बघून दार लावून घेतात.

कार्यशाळेत 'बाहेरून काही घालावं लागत नाही' असं सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी. आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) ८, त्यात लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही. माशांच्या खाद्यात लोह, पोटॅश आणि कॅल्शियम झाडाला पुरेल इतकं नसतं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं, आणून घालतो.

आणि गेल्या मे महिन्यातली ती रात्र. दीड वाजता वीज गेली, सकाळी उठून बघतो तर ११ मासे उलटे. मुलीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

परसदार

अहो, हे ॲक्वापोनिक्सचं अपयश कसं? मे महिन्यात, उघड्या गच्चीवर, बॅटरीशिवाय मासे ठेवलेत तुम्ही. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, २० अंशांना नऊच्या वर. म्हणजे उन्हाळ्यात साठा मुळात कमी, आणि तेव्हाच माशांना श्वासाला जास्त लागतो. आमच्याकडे चिपळूणजवळ पावसात वीज जाणं ठरलेलंच, म्हणून पहिल्या दिवसापासून हवेचा पंप बॅटरीवर आहे. पाण्याचा पंप चार तास बंद राहिला तरी निभावतं, हवेचा राहून चालत नाही.

माझी मांडणी परसात, जमिनीवर, फणसाच्या सावलीत. २०० लिटरचे निळे ड्रम, त्यात काय आलेलं असतं ते विचारून घेतलेले. वर आडव्या कापलेल्या ड्रमांत खडी. भात-मासे एकत्र हे आपल्याला नवीन नाही हो. पहिल्या पावसात वळगणीचे मासे चढून शेतात येतात तेव्हा खाचरात हेच चाललेलं असतं, फक्त पंप नसतो.

वाफ्यात अळू लावून बघा. गुडघ्याच्या वर जातं. श्रावणात चार घरांना फतफतं पुरलं. याचा हिशोब जुडीच्या भावाने कसा करणार?

आरसीसीवाला

मासे आणि पानं बाजूला ठेवा, कुणीच मूळ प्रश्न विचारला नाही. टाकी गच्चीत नेमकी कुठे आहे?

पाणी ५०० किलो. वाफा ३० सेंटिमीटर खोल धरला तर खडी साडेचारशे-पावणेपाचशे किलो, शिवाय पोकळीतलं पाणी. म्हणजे एका चौरस मीटरवर सहाशे किलोच्या घरात. भारतीय मानकात वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) धरतात तो चौरस मीटरला १५० किलो. नुसतं पाणी म्हटलं तर जेमतेम १५ सेंटिमीटर उंच. स्लॅब लगेच कोसळेल असं म्हणत नाही, पण मधोमध ठेवलं असेल तर खालच्या घराच्या छताला तडे आधी दिसतील, तुम्हाला नंतर. वजन बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर यायला हवं, आणि ते आरसीसी कन्सल्टंटने नकाशा बघून सांगायला हवं. वॉटरप्रूफिंगवर थेट विटा रचून टाकी ठेवणारेही पाहिलेत. सोसायटीत असाल तर सेक्रेटरीशी भांडण वेगळं.

गच्चीवरचा बोका

@आरसीसीवाला, टाकी कॉलमवरच आहे, बांधणाऱ्या मिस्त्रीने हट्टाने तिथे ठेवायला लावली. त्याचे आभार आज कळले. वाफा मात्र कॉलमपासून दीड मीटर सरकलेला आहे. उद्या बघतो.

@परसदार, फणस, अळू, विहिरीचं मऊ पाणी. तुमच्याकडे काहीही लावलं तरी येतं. माझा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच, फ्लॅटमधल्या माणसासाठी आहे.

लातूरकर

मग फ्लॅटमधला आणि कोरड्या गावातला माणूस म्हणून मी बोलतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आमच्या गावाला. त्या उन्हाळ्यात बाल्कनीतली एकूण एक कुंडी मेली. आज ३०० लिटरची टाकी चार वर्षं चालू आहे. पाणी एकदा भरलं की फिरत राहतं. पानांतून आणि उन्हाने उडतं तेवढंच रोज वाढवायचं, उन्हाळ्यात आमच्याकडे पाच-सात लिटर. कुंडीला घातलेलं पाणी खालून वाहून जातं आणि आपण बशीत बघत बसतो. पाण्याचा हिशोब तुमच्या यादीत कुठेच नाही, बोकोबा.

एक सूचना: नळाचं पाणी थेट ओतू नका. क्लोरीन माशांनाही मारतं आणि खडीवरच्या जिवाणूंनाही. बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग घाला.

मातीशीच इमान

पाणी वाहून जातं ते कुंडी नुसत्या लाल मातीने भरलेली असते म्हणून. पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांनी भरा आणि वर आच्छादन घाला. दिवसाआड तांब्याभर पाणी पुरतं. श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतीप्रयोग करणाऱ्या गटातली माणसं हे कित्येक वर्षांपूर्वी करत होती, विजेशिवाय.

माझा आक्षेप मुळावर आहे. तुमच्या झाडाचं खत म्हणजे कारखान्यातलं तरंगतं खाद्य. त्यात ३० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि ती पुष्कळदा समुद्रातून ओढलेल्या बारीक मासळीच्या कुटापासून येतात. समुद्रातली मासळी वाळवून आणायची, कोई माशाला चारायची, त्याच्या विष्ठेवर पालक वाढवायचा आणि त्याला म्हणायचं 'नैसर्गिक'! आणि भाजीला मावा पडला की हात बांधलेले. निंबोळी अर्कसुद्धा जपून, कारण तो पाण्यात उतरला तर माशांना बाधतो. माझ्या वाफ्यात मी बिनधास्त फवारतो.

मत्स्यपदवीधर

खाद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. सोयाबीन पेंडीवर बेतलेलं खाद्यही मिळतं, आणि कोईसारख्या कार्प जातीच्या माशांना मासळीकुटाची तेवढी गरज नसते.

मला दोन्ही बाजूंच्या लोकांना वेगळंच सांगायचं आहे. बहुतेक टाक्या पहिल्या महिन्यातच बिघडतात, कारण माणूस टाकी भरतो आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडतो. जिवाणूंची वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतो, मग नायट्राइट उसळतं, आणि मासे वर तोंड काढून श्वास घेताना दिसतात. पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया अधिक विषारी. म्हणजे बोकोबा, तुमचं ८ पीएचचं बोअरचं पाणी आणि पुण्यातला मे महिना हे दुहेरी संकट होतं. ११ मासे केवळ विजेने गेले असं मी म्हणणार नाही.

मासे न सोडता टाकी चालू करता येते. कल्हईवाले वापरतात तो नवसागर (अमोनियम क्लोराइड) माहीत असेल. तो शुद्ध मिळाला तर ५०० लिटरला ३ ग्रॅम घातला की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमवर येतो. टेस्ट किटने बघत राहायचं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही दिसेनासं झालं, की मासे आणा. पीएच ७ च्या जवळ ठेवा: झाडांना साडेसहाच्या खाली आवडतं, जिवाणूंना सातच्या वर, म्हणून हा मधला तह. खडी घेताना मूठभर खड्यांवर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे, पीएच कधीच खाली येणार नाही.

आणि खाण्यासाठी करणाऱ्यांनो, तिलापिया, म्हणजे उजनीच्या बाजूची चिलापी, पाळायला परवानगी लागते, नुसतं पिल्लू मिळालं म्हणून सोडू नका. थाई मांगूरवर तर बंदीच आहे.

परसदार

नवसागराची युक्ती झकास. मी चालू केलं तेव्हा शेजारच्या तळ्यातली बादलीभर गोटी खडी आणून टाकली होती, जिवाणू फुकट.

मत्स्यपदवीधर

आणि त्यासोबत त्या तळ्यातले रोग आणि जळवाही फुकट. तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. मासा आजारी पडला तर मिठाचं पाणी द्यायला वेगळा टब ठेवता ना? टाकीत मीठ घातलंत तर अळू जाईल.

नवशी शिकाऊ

माझा प्रश्न बाळबोध आहे. वाफ्यातलं पाणी आपोआप भरतं-उतरतं ते कसं? आणि डेंग्यूच्या मोसमात पालिकेची माणसं साठलेलं पाणी बघायला येतात, त्यांना काय सांगायचं?

लातूरकर

बेल सायफन. उभ्या नळीवर एक तोंडबंद मोठा पाइप उपडा घातलेला असतो. पाणी नळीच्या वर गेलं की सायफन धरतो आणि वाफा एका दमात रिकामा होतो, तळाशी हवा शिरली की तुटतो. मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. पुदिना लावला असेल तर दर महिन्याला सायफनमधून त्याच्या मुळ्यांची वेणी ओढून काढावी लागते. त्या दिवशी घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.

डासांचं म्हणाल तर टाकीत मासे अळ्या ठेवत नाहीत. वाफ्यात पाणी खडीच्या वर दिसता कामा नये, बोटभर खालीच राहू द्या. पालिकेच्या माणसाला मी मासे दाखवले, त्याने फ्रिजमागचा ट्रे तपासला आणि तिथे अळ्या सापडल्या.

गच्चीवरचा बोका

हा हा. बरं, दोन गोष्टी मान्य. पाण्याचा हिशोब मी केला नव्हता, आणि अमोनियाकडे बघितलंच नव्हतं. तेव्हा टेस्ट किटसुद्धा नव्हतं माझ्याकडे, पानं बघूनच अंदाज.

पण मूळ मत तेच आहे. वरचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचा: पीएच, नवसागर, बॅटरी, कॉलम, व्हिनेगर, वेगळा टब. हे करायला ज्याला मजा येते त्याने जरूर करावं. माझ्या साडूने मात्र 'घरची विषमुक्त भाजी' म्हणून ऐंशी हजारांचा तयार संच घेतला आणि आता त्यात कपडे भिजवतो. त्याला मातीशीच इमान यांची कुंडी द्यायला हवी होती.

मातीशीच इमान

देतो की. पण तुमच्या माशांच्या टाकीतलं पाणी बदलायची वेळ आली तर ते गटारात सोडू नका, मला बोलवा. माझ्या वांग्यांना हवंय.

आरसीसीवाला

वाफ्याचं काय झालं?

गच्चीवरचा बोका

सकाळी मोजलं. दीड नाही, पावणेदोन मीटर. खडी उपसायला सुरुवात केली आहे. परसदार, घमेली किती आहेत हो तुमच्याकडे?