जुन्या जर्मन जाड अक्षरातली पाटी वाचताच येईना

पाटीवाला_कोथरूड
आमचं साइनबोर्डचं दुकान आहे. एका नव्या जर्मन हॉटेलची आठ फुटी पाटी करतोय. नाव 'गास्टहाउस', रोमन लिपीत. मालकाला अक्षर हवंय न्यूयॉर्क टाइम्सच्या नावासारखं, पण त्याहून जाड. मी फेटे फ्राक्टूर हा जुन्या जर्मन वळणाचा जाड फॉन्ट घेतला आणि सगळं कॅपिटलमध्ये टाकलं. रस्त्यापलीकडून बघितलं तर नुसती काळी वेलबुट्टी! पोरगा म्हणतो, "बाबा, हे गेटचं डिझाइन का?" त्यात बारीक रेघा विनाइल सोलताना तुटतात. फॉन्टच बदलू का?

बोरू_बहाद्दर
फॉन्ट राहू दे, कॅपिटल काढ. या वळणातलं मोठं अक्षर शब्दाच्या तोंडाशी एकट्यानं मिरवायचं असतं. तू आठ नवरदेव ओळीनं उभे केलेस, वऱ्हाड कुठंय? पहिला जी मोठा, बाकी लहान. अक्षरांत अंतर वाढवू नकोस, दांड्या जवळजवळच शोभतात. बारीक रेघांना कोरलड्रॉमध्ये आउटलाइन दे, तिचं ऑब्जेक्ट कर, मग वेल्ड, म्हणजे दोन्ही जोडून एकच आकार कर. आणि एकदा कट निबनं, म्हणजे चपट्या टोकाच्या पेननं, लिहून बघ, कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक ते हातालाच कळतं. देवनागरीचा बोरू नको, त्याचा काप उलटा.

चहा_कमी_साखर
पण ही नाझींची लिपी ना? उगाच वाद नको.

राइनकाठी
मी जर्मनीत माइन्झला राहते, युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या गावात. त्याचं 1455 च्या सुमाराचं बायबल याच घराण्यातल्या अक्षरात आहे, म्हणजे नाझींच्या पावणेपाचशे वर्षं आधी. सुरुवातीला त्यांनी ही अक्षरं डोक्यावर घेतली हे खरं. पण 3 जानेवारी 1941 ला नाझी नेता बोरमान याच्या परिपत्रकानं 'यहुदी अक्षरं' म्हणून ती बंद केली. गंमत म्हणजे त्या कागदाचं लेटरहेडच या अक्षरात छापलेलं! आजही नवनाझी ती वापरतात, म्हणून सोबत काय रंगवताय ते बघा. हॉटेलच्या पाटीवर हरकत नाही.

एक सांगते, जुन्या नियमानं या शब्दातले दोन एस वेगवेगळे. शेवटचा गोल, मधला टीच्या आधीचा लांब. तो आडवी रेघ अर्धीच राहिलेल्या एफसारखा दिसतो. तो टीला चिकटलेलाच ठेवायचा.

पाटीवाला_कोथरूड
कॅपिटल काढल्यावर पाटी पलीकडून स्वच्छ वाचता येते. बोरूभाऊ, वेल्ड केल्यावर एकही रेघ तुटली नाही. ताईंचा लांब एसही टाकला आणि प्रिंट मालकाला दाखवली. तो चष्मा वर करून म्हणाला, "गाफ्टहाउस? अहो, स्पेलिंग चुकलंय."

राइनकाठी
😄 इथल्या नव्या पाट्यांवरही सर्रास गोलच असतो. द्या बदलून.

पाटीवाला_कोथरूड
दिला. लांबवाली प्रिंट दुकानात लावलीय, येणारा प्रत्येक जण चूक काढतो.